मोटरहोम आणि वहिवाट

"किती पडली?"

आम्ही मोटरहोम घेतली असं पुण्याला किंवा गावाकडे फोनवर सांगितलं की पहिला प्रश्न हाच. दुसरा, "आत संडास आहे?" आणि मग जरा थांबून तिसरा, "पण ते सगळं जातं कुठे?" मंडळी, तिन्ही प्रश्न रास्त आहेत. तेव्हा आधी त्यांचा निकाल लावतो आणि मग मला जे म्हणायचंय तिकडे वळतो.

पडली बासष्ट हजार डॉलरना, तीही सहा वर्षं वापरलेली. नवी कोरी घ्यायची तर आकडा बराच वर जातो आणि दुकानाच्या फाटकातून बाहेर काढली की किंमत धाडकन उतरते. आमची चोवीस फुटी आहे. इथे मोटरहोमच्या तीन जाती असतात. 'ए' म्हणजे जवळजवळ एसटीएवढी बस, 'बी' म्हणजे उंच व्हॅन, आणि 'सी' म्हणजे पुढे ट्रकची केबिन तशीच ठेवून मागे बांधलेली खोली आणि केबिनच्या डोक्यावर एक माळा. आमची 'सी'. कॅलिफोर्नियात चाळीस फुटांपर्यंतची मोटरहोम चालवायला साध्या गाडीचंच लायसन्स पुरतं. हे ऐकून हिला धीर आला आणि मला घाम फुटला. लिटरला साडेतीन-चार किलोमीटर जाते, त्यामुळे "हॉटेलचे पैसे वाचतात" हा हिशेब कुणी मांडला तर मान डोलवावी आणि विषय बदलावा.

संडास आहे. आणि ते सगळं गाडीच्या पोटातल्या टाकीत जातं. टाक्या तीन: चांगल्या पाण्याची सुमारे दीडशे लिटरची, मोरी आणि सिंकच्या सांडपाण्याची, आणि संडासाची. दोन-तीन दिवसांनी कॅम्पग्राउंडच्या डंप स्टेशनवर गाडी लावायची, जाड नळी जोडायची, आधी संडासाची टाकी सोडायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे दुसऱ्या पाण्यानं नळी धुऊन निघते. क्रम उलटा केला तर काय होईल याची कल्पना तुम्हीच करा. हे काम नवऱ्यानंच करायचं असा काही कायदा नाही, पण डंप स्टेशनवर आजूबाजूला बघितलं तर सगळे हातमोजे घातलेले नवरेच दिसतात. दीडशे लिटरमध्ये दोन माणसांनी तीन दिवस काढायचे म्हटल्यावर तीस वर्षं इथे शॉवरखाली उभा राहिलेला माणूस पुन्हा बादली-तांब्यावर येतो. "अहो, बंद करा तो नळ," हे वाक्य आमच्या प्रवासाचं पार्श्वसंगीत होतं.

असो. गेल्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या खालून निघून, गोल्डन गेट ओलांडून, समुद्र डाव्या हाताला ठेवत आम्ही उत्तरेकडे गेलो ते थेट कोलंबिया नदीच्या मुखाशी अस्टोरियापर्यंत. सुमारे साडेबाराशे किलोमीटर, सतरा दिवस. बिग सरचा जगप्रसिद्ध रस्ता दक्षिणेला आहे, पण तिथे डोंगर फार बेभरवशाचा. २०१७ मध्ये मड क्रीकची दरड कोसळली तेव्हा तो भाग वर्षाहून अधिक काळ बंद होता. शिवाय नव्या गाडीला पहिल्याच वेळी त्या कड्यांवर न्यायची माझी छाती नव्हती. उत्तरेला गर्दी कमी, धुकं जास्त.

आता मुद्दा. या सतरा दिवसांत आम्ही कमीत कमी चाळीस वेळा गाडी थांबवून समुद्रावर उतरलो असू. एकदाही कुणी "कुठे चाललात?" असं विचारलं नाही. एकदाही हॉटेलच्या लॉबीतून वाट काढावी लागली नाही. दर थोड्या मैलांवर तपकिरी पाटी, चार गाड्यांपुरती जागा, लाकडी पायऱ्या आणि खाली पुळण. पहिले चार-पाच दिवस मला वाटत होतं की हे सुख आपण विकत घेतलेल्या गाडीचं आहे. मग वाटेतले फलक वाचत गेलो (मला फलक वाचायची खोड आहे, ही गाडीतच बसून राहते) आणि लक्षात आलं की गाडीचा यात वाटा फार थोडा. हा किनारा कुणीतरी भांडून उघडा ठेवला म्हणून तो उघडा आहे.

कॅलिफोर्नियातली लढाई जिथे पेटली त्या गावातूनच रस्ता जातो. जेन्नरच्या पुढे सी रँच नावाची वसाहत आहे. राखाडी लाकडाची, वाऱ्याकडे पाठ करून बसलेली घरं, वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवतात अशी. १९६०च्या दशकात सोळा किलोमीटरचा सलग किनारा घेऊन ही वसाहत आखली गेली. घरं निसर्गाला शोभतील अशी बांधायची, हे सगळं उत्तमच होतं. फक्त बाकीच्यांनी समुद्रावर कुठून जायचं हा प्रश्न उरला. लोक खवळले. १९७२ मध्ये 'प्रपोझिशन २०' हा ठराव थेट मतदानानं मंजूर झाला, त्यातून किनारा आयोग जन्मला आणि १९७६ मध्ये किनारा कायदा आला. सी रँचमधून लोकांसाठी वाटा मिळायला त्यानंतरही काही वर्षांचं भांडण लागलं. आज त्या वाटेनं आम्ही दोघं खाली उतरलो तेव्हा दोन्ही बाजूंना लोकांची अंगणं होती आणि मधून चालत जाताना मला उगाचच चोरट्यासारखं वाटत होतं. एक आजोबा झाडांना पाणी घालत होते, त्यांनी हात हलवला. झालं.

पुढे फोर्ट ब्रॅगला समुद्रकाठी काचेचे गुळगुळीत खडे पसरलेले आहेत. गावाचा कचरा १९६७ पर्यंत तिथेच समुद्रात ढकलत असत, त्या बाटल्यांचे लाटांनी केलेले हे मणी. लोक ते बघायला लांबून येतात. कचऱ्यालासुद्धा पन्नास वर्षं दिली तर तो प्रेक्षणीय होतो.

लेगेटला हायवे १ संपतो, १०१ लागतो, रेडवुडची झाडं येतात. त्यांच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. मला घाई ऑरेगॉनची होती.

ऑरेगॉनला सुमारे ५८० किलोमीटरचा किनारा आहे आणि त्याची सगळी पुळण लोकांची आहे. ओलीही आणि कोरडीही, गवत-झाडी सुरू होते तिथपर्यंत. हा फरक महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियात साधारणपणे भरतीरेषेच्या खालची ओली वाळू सरकारची, वरची कोरडी वाळू खासगी असू शकते. म्हणजे ओहोटीला तुम्ही नागरिक आणि भरतीला घुसखोर. ऑरेगॉनमध्ये ही भानगड नाही, आणि ती का नाही याची गोष्ट आपल्या कोकणातल्या माणसाला लगेच कळेल अशी आहे.

१९१३ सालापासून सुरुवात करू. ऑस्वाल्ड वेस्ट नावाच्या गव्हर्नरनं कायदा करून घेतला की भरती-ओहोटीच्या मधली सगळी पुळण हा सार्वजनिक महामार्ग आहे. ऐकायला चतुराई वाटते, आणि ती होतीच, पण खोटी नव्हती. तेव्हा किनाऱ्यानं रस्ता नव्हता. ओहोटी लागली की घोडागाड्या वाळूवरूनच जात, आणि नदीचं मुख आलं की तरीतून पलीकडे. आपल्या दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीची आठवण येतेय ना? मलाही आली.

मग पूल आले. ऑरेगॉनच्या रस्ते खात्यात कॉन्डे मकलो नावाचा पूल-इंजिनियर होता. गोल्ड बीचचा रोग नदीवरचा त्याचा पूल १९३२चा. कूस बेपासून न्यूपोर्टपर्यंतच्या पाच मोठ्या मुखांवरचे पूल १९३६ मध्ये पुरे झाले. त्यातले चार अजून उभे आहेत. न्यूपोर्टच्या याक्विना बेवरची ती हिरवी पोलादी कमान पाहायला मी गाडी लांब लावून पाऊण तास खाली उभा होतो. सरकारी खात्यातला माणूस, मंदीचा काळ, आणि तरी खांबांच्या माथ्यावर नक्षी करायला तो विसरला नाही. आम्ही आयुष्यभर सॉफ्टवेअर लिहिलं, त्यातलं दहा वर्षांपूर्वीचं आज काही चालू नाही, पण ते जाऊ दे.

पूल झाले, गाड्या धावू लागल्या, मोटेलं आली. आणि १९६६ मध्ये कॅनन बीचला एका मोटेलमालकानं आपल्या पुढच्या कोरड्या वाळूत ओंडके रोवून ती फक्त आपल्या पाहुण्यांसाठी राखली. कागदोपत्री तो चूक नव्हता. १९१३च्या कायद्यात ओली वाळू होती, कोरडी नव्हतीच. इतकी वर्षं लोकांनी कोरड्या वाळूवर पंचे पसरले, शेकोट्या केल्या, पोरांनी किल्ले बांधले, त्यामुळे ती आपली नाही असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. विधिमंडळात विधेयक आलं आणि अडकून पडलं. तेव्हाचा गव्हर्नर टॉम मकॉल, मूळचा पत्रकार, मे १९६७ मध्ये सर्व्हेवाल्यांना घेऊन हेलिकॉप्टरनं थेट पुळणीवर उतरला आणि रेषा नेमकी कुठे पडते हे छायाचित्रकारांसमोर मोजून दाखवलं. जुलैत कायदा झाला.

प्रकरण कोर्टात गेलं. १९६९ मध्ये ऑरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि आधार घेतला तो इंग्लिश कायद्यातल्या रूढीचा. आपल्या भाषेत सांगायचं तर वहिवाट. फार पूर्वीपासून, अखंड, भांडणतंटा न होता, वाजवी रीतीनं सगळे लोक ही वाळू वापरत आले, म्हणून ती वापरायचा हक्क सगळ्यांचा. जमिनीची मालकी मोटेलवाल्याकडेच राहिली, फक्त कुंपण घालायचा हक्क गेला. निकालात दाखला थेट मूळ रहिवाशांपर्यंत नेला आहे: गोरे आले तेव्हा तिथले आदिवासी ओल्या वाळूत शिंपले काढत होते आणि कोरड्या वाळूत चुली पेटवत होते. आता ज्यांच्या वहिवाटीचा दाखला दिला त्यांना १८५०च्या दशकात त्याच किनाऱ्यावरून हाकलून राखीव प्रदेशात कोंबलं होतं, ही गोष्ट कुठल्या फलकावर मोठ्या अक्षरात दिसली नाही. पण वहिवाट त्यांची, हे निदान कागदावर आलं.

अमेरिकेत खासगी मालमत्ता म्हणजे देव, असं आपण ऐकत आलो. त्याच अमेरिकेत एका राज्यानं सांगितलं की समुद्रापुढे सातबारा थांबतो. ही गोष्ट मला इथल्या कुठल्याही उंच इमारतीपेक्षा मोठी वाटते.

सगळं गोड आहे असं नाही. आमच्या घरापासून तासाभरावर, हाफ मून बेच्या खाली मार्टिन्स बीच आहे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक, विनोद खोसला, यांनी तिथली जमीन २००८ मध्ये घेतली आणि पुढे किनाऱ्यावर जाणाऱ्या एकमेव रस्त्याचं फाटक बंद झालं. आधीचे मालक पार्किंगचे पैसे घेऊन लोकांना सोडत असत. खोसलांचं म्हणणं असं की तो एक धंदा होता, तो चालवत राहायची सक्ती सरकार कशी करू शकतं? प्रश्न बिनबुडाचा नाही. सर्फरांच्या संघटनेनं २०१३ मध्ये दावा लावला, परवानगीशिवाय वाट बंद करता येणार नाही असं राज्याच्या कोर्टांनी म्हटलं, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं अपील ऐकायला नकार दिला. त्यानंतरही दावे चालू राहिलेच. आमच्या इथल्या मराठी मंडळींत यावर वाद झाला की निम्मे लोक खोसलांच्या बाजूनं असतात. "पैसे मोजलेत ना त्यांनी?" पैसे मोजले, हे खरंच. वाटेचे कुणी मोजले होते का, एवढंच मी विचारतो.

आणि 'सगळ्यांचा किनारा' यातले सगळे म्हणजे कोण, हाही प्रश्न आहे. दिवसा थांबायला हरकत नाही, पण जागोजागी रात्री गाडी उभी करायला मनाई आहे. आम्ही सहा महिने आधी कॅम्पग्राउंडची नोंदणी केली होती. ऑरेगॉन तर २०२२ पासून परराज्यातल्या आरव्हीवाल्यांकडून पंचवीस टक्के जास्त घेतं, तेही दिले. पण बे एरियातल्या रस्त्यांच्या कडेला अशाच गाड्या रांगेनं उभ्या असतात आणि त्यांत माणसं राहतात, कारण भाडं परवडत नाही. नोकरीला जाणारी माणसं. गाडी तीच, टाक्या त्याच. आम्ही मात्र प्रवासी आणि ते उपद्रव. ऑरेगॉनमधल्याच ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करायची मुभा शहरांना दिली. फोर्ट स्टीव्हन्सच्या सुंदर कॅम्पग्राउंडमध्ये, पीटर आयरडेल या १९०६ साली वाळूत रुतलेल्या जहाजाचा गंजका सांगाडा बघून परत येताना ही म्हणाली, "आपण निवृत्त होऊन ज्यात राहायला आलो त्यात लोक नाइलाजानं राहतात." मी काही बोललो नाही.

आता हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? कारण आपल्याकडे नेमका पुलांचा टप्पा आला आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गावरच्या खाड्यांवर पूल बांधायची कामं हाती घेतली आहेत. ते व्हायलाच हवेत. दाभोळच्या जेट्टीवर शेवटची फेरी चुकलेला माणूस पुलाला विरोध करणार नाही. पण ऑरेगॉनमध्ये पूल झाल्यावर तीस वर्षांनी ओंडके आले. आपल्याकडे पूल व्हायच्या आधीच 'सी टच प्लॉट'च्या जाहिराती आल्या आहेत.

कायदा नाही असं नाही. सीआरझेडची १९९१ची पहिली अधिसूचना काढून बघा. दोन रिसॉर्टच्या मध्ये लोकांना पुळणीवर जायला किमान वीस मीटर मोकळी जागा सोडावी अशी अट तिच्यात होती. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला, म्हणजे बांधकाम आणखी पुढे सरकणार. आणि रूढीनं मिळणारा वहिवाटीचा हक्क तर आपल्या १८८२च्या कायद्यात कलम १८ मध्ये लिहून ठेवला आहे. ऑरेगॉनच्या कोर्टाला जे इंग्लंडमधून शोधून आणावं लागलं ते आपल्या घरात एवढ्या वर्षांपासून पडलं आहे. फक्त ते वापरायला कुणी जात नाही. कोर्टात जायची वेळ येते तेव्हा गडगा घालून दहा वर्षं झालेली असतात, आणि "इथून वाट होती" असं सांगणारे म्हातारे राहिलेले नसतात.

हे तत्त्वज्ञान नाही, माझ्या टेबलावर पडलेला कागद आहे. गुहागर तालुक्यात आमची सामाईक आगर-जमीन आहे, समुद्राला लागून. चुलतभावानं गिऱ्हाईक आणलंय, रिसॉर्टवालं. त्याची मुलगी इंजिनियरिंगला आहे, आंब्यानं लागोपाठ दगा दिला, माणसाला पैसे हवेत आणि ते त्याचे हक्काचे आहेत. अडलंय माझ्या सहीसाठी. मी कॉन्सुलेटमध्ये जाऊन मुखत्यारपत्र करून द्यायचं, बस. पण त्या आगराच्या कडेनं एक पाखाडी खाली पुळणीवर उतरते. खारवी होडीकडे त्याच वाटेनं जातात, बायका तिसऱ्या-मुळे काढायला त्याच वाटेनं जातात, गणपतीही त्याच वाटेनं जातात. आजोबांनी कधी कुणाला अडवलं नाही आणि कधी कुठे लिहूनही ठेवलं नाही. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना आहे, तो या बाबतीत कोरा आहे.

मी त्याला सांगितलं, सही करतो. पण खरेदीखतात पाखाडी तीन मीटर रुंद, सर्वांसाठी कायम खुली असं लिहून घे, आणि तलाठ्याकडून इतर हक्कात नोंद झाल्याचा उतारा मला पाठव.

"दादा, तुला तिकडे बसून काय जातंय बोलायला?" तो म्हणाला. "असं लिहिलं तर तो भाव पाडेल."

हे त्याचं बोलणं बरोबर आहे. डॉलर कमावणाऱ्यानं कोकणातल्या भावाला तत्त्वं शिकवू नयेत. म्हणून दुसरी गोष्ट सांगितली: भाव जेवढा पडेल तेवढा माझ्या हिश्श्यातून वळता कर, तुझ्या हिश्श्याला हात लावू नकोस. हिच्याशी बोलून ठरवलं होतं. गाडीवर खर्च केला तेवढा वाटेवर करायला हरकत नाही, असं तिचंच म्हणणं.

तो म्हणाला, गिऱ्हाइकाला विचारून सांगतो. त्याला आता तीन आठवडे झाले. मधल्या काळात मी पुतण्याला पाखाडीचे फोटो काढून ठेवायला सांगितलंय, आणि गावातल्या चार म्हाताऱ्यांना भेटून ही वाट त्यांनी कधीपासून बघितली ते तारीख घालून, सह्या-अंगठ्यांसह लिहून घ्यायला. पहिला कागद कालच आला. ब्याऐंशी वर्षांच्या एका खारवी आजींचा.